तुझा चीनमधला मुलगा

आई, मी आता तुझ्यापेक्षा वयाने मोठी झाले आहे. तू गेलीस ते वय मी केव्हाच मागे टाकलं, त्यामुळे आज जरा तोंड वर करून बोलले तर चालेल. मला तुझ्या त्या मुलाचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, अजून वाटतो. तुला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला कधीच कळलं नाही. तू एवढी हुशार बाई, भाजीवालीच्या चेहऱ्याकडे बघून मेथी आजची की कालची ते ओळखायचीस. घरातल्या मुलीच्या पोटात दुखतंय हे तुला दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. दिसलं असणार, आणि तू नेहमीसारखी पदर खोचून कामाला लागली असणार.

देवळाली कॅम्पातली आपली खोली आणि चिनी बुटवाल्याचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं. बाबा कँटोन्मेंटच्या ऑफिसात कारकून होते आणि तो लष्करातल्या साहेबांचे बूट शिवायचा. त्याची बायको बाळंतपणानंतर टायफॉइडने अंथरुणाला खिळली. त्या वेळी मी तुझ्या अंगावर पीत होते. तू काही विचार न करता तिचं बाळही घेतलंस. "उजवीकडे ही, डावीकडे तो," हे तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, माझ्या वर्गातल्या मुलींनासुद्धा, आणि मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं. पुढे शाळेत हृदय डाव्या बाजूला असतं असं बाईंनी शिकवलं, तेव्हा मी घरी येऊन तुला विचारलं, त्यालाच डावी बाजू का? तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "अगं, उजवा हात मोकळा लागतो कामाला." म्हणजे तो कडेवर असताना तुझी सगळी कामं चालायची आणि मला खाली ठेवलेलं असायचं. हा अर्थ मी तेव्हाच काढला आणि आजवर बदललेला नाही.

त्याची आई बरी झाली तरी तो आपल्याच स्वयंपाकघरात असे. मी ठिकरी खेळायला बाहेर पळायचे आणि तो तुझ्या पाटाशेजारी उकिडवा बसून तुझ्या हाताकडे बघत राहायचा. मग बासष्ट साली चीनशी लढाई लागली. एक दिवस पोलिसांचा ट्रक आला आणि त्या सगळ्या कुटुंबाला घेऊन गेला. तू मला शेजारी ठेवलंस, दशम्या बांधल्यास आणि स्टेशनवर धावलीस. परत आलीस तेव्हा तुझ्या अंगावरची शाल नव्हती. ते राजस्थानातल्या कुठल्या छावणीत आहेत असं नंतर कळलं, मग मद्रासहून बोटीने चीनला धाडलं असं कळलं, आणि मग काहीच कळेनासं झालं. तू रडलीस ते मी पाहिलं आहे. बाबा गेले तेव्हाही तू तशी रडली नाहीस, हे मला सांगितलंच पाहिजे.

नंतर आपण नाशकात आलो, मला बँकेत नोकरी लागली आणि सत्तरच्या दशकातली ती सगळी वर्षं तू आणि मी दोघीच दोन खोल्यांत राहिलो. दरवर्षी भाऊबीजेला संध्याकाळी गच्चीत जायचं, पश्चिमेला ती बारीकशी कोर शोधायची आणि चंद्राला ओवाळायचं. यात जगावेगळं काही नव्हतं. ज्यांना भाऊ नाही त्या मुली चंद्राला ओवाळतात. पण तू माझ्या मागे उभी राहून म्हणायचीस, "नीट ओवाळ गं, घाई नको करूस. तो आहे तिकडे." मी ताट फिरवायचे आणि मनात म्हणायचे, असू दे. खाली येऊन तू दोन ताटं वाढायचीस आणि तिसऱ्या वाटीत दोन करंज्या काढून ठेवायचीस. दुसऱ्या दिवशी त्या मला चहाबरोबर मिळायच्या, शिळ्या. तुझ्या त्या मुलाचं उष्टं मी वर्षानुवर्षं खाल्लं, आणि त्याने ते खाल्लंही नव्हतं.

ऐंशीनंतर कधीतरी त्याचं पत्र आलं. देवनागरीत, चौथीतल्या मुलासारखं मोठ्ठं अक्षर, की आई-वडील वारले, मी इथे चहाच्या शेतावर आहे, बायको आहे, मुलगी आहे, आई तू कशी आहेस. तू पंचवटीतून पेढे आणवलेस आणि गल्लीतल्या घराघरांत वाटलेस. मी परमनंट झाले तेव्हा तू देवापुढे साखर ठेवली होतीस. साखरेवर माझं काही म्हणणं नाही, पण पेढे दिसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग तू हट्टच धरलास, चीनला जायचं. पासपोर्ट काढलास. फोटोत तू अशी बघतेयस की जणू कॅमेऱ्यामागे तो उभा आहे. आणि सगळं जमत आलं तेव्हा डॉक्टरांनी तुझ्या छातीला यंत्र लावून सांगितलं की आजी, तुम्ही इगतपुरीच्या पुढे जायचं नाही. तू त्या रात्री जेवली नाहीस. सकाळी उठून तुझ्या पाटल्या माझ्यासमोर ठेवल्यास आणि म्हणालीस, "मोड या. तू जा. भाऊबीजेला त्याला ओवाळून ये."

त्या पाटल्या माझ्या होत्या, आई. लहानपणापासून तूच म्हणायचीस, या तुला. तरी मी त्याला गाडीचा दिवस तारेने कळवला आणि गेले. का गेले ते आज सांगते. मला वाटत होतं की तो आपल्याला विसरला असेल. एक पत्र काय, कुणीही लिहितं. मी तिकडे जाईन, एक जाडजूड चिनी माणूस समोर येईल, हसून हात मिळवेल, चहा पाजेल, त्याला ना भाषा आठवेल ना तू. मग परत येऊन मी तुला सांगेन, अगं आई, झालं ते झालं, आता आपण दोघीच. एवढ्यासाठी मी एकटी बाई, नाशिकरोडच्या पलीकडे मुंबई सोडली तर कुठे न गेलेली, विमानात बसले.

मुंबई, मध्ये बँकॉक, मग हाँगकाँग. विमानातल्या खाण्याला मी हात लावला नाही, मांडीवर तुझा लाडवांचा डबा घट्ट धरून बसले होते. हाँगकाँगला एका एजंटाकडून चीनचा शिक्का मिळवला आणि सकाळच्या गाडीने सरहद्दीपर्यंत गेले. तिथे उतरून एक झाकलेला पूल पायी ओलांडावा लागतो. मी पूल ओलांडतेय, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डबा, साडीच्या निऱ्या पायात येतायत, आणि मला वाटतंय की मी एका देशात चाललेली नाही, सवतीच्या घरी चालले आहे. पलीकडच्या तरण्या शिपायाने माझा पासपोर्ट उलटसुलट केला. "यिंदू," तो दुसऱ्याला म्हणाला, म्हणजे हिंदुस्थानी. लढाईचं काही काढतील अशी मला भीती होती. त्यांनी काढला तो डबा. एकाने रव्याचा लाडू उचलून नाकाशी नेला, दाबून पाहिला, तो फुटला. मला काय झालं कोण जाणे, मी चक्क मराठीत ओरडले, "अहो, माझ्या आईने केलेत!" तो दचकला. त्याने फुटलेले दोन्ही तुकडे परत जागेवर ठेवले, झाकण लावलं आणि मला पुढे जायची खूण केली.

कँटनची गाडी आपल्या गाड्यांपेक्षा स्वच्छ होती, हे मला कबूल करणं जिवावर आलं होतं. आसनांवर पांढऱ्या जाळीचे रुमाल, खिडकीशी झाकणवाले कप, आणि एक मुलगी किटली घेऊन येऊन त्यात गरम पाणी ओतत फिरत होती. दूध नाही, साखर नाही, नुसती पानं पाण्यावर तरंगतायत. डब्यात एक कर्णा होता आणि त्यातून एक बाई सारखी काहीतरी समजावून सांगत होती. मी बाहेर बघत बसले. काहीतरी अजब दिसेल, पिवळ्या नद्या, मोठमोठ्या भिंती, असं वाटलं होतं. बाहेर आपली इगतपुरीजवळची घोटी दिसत होती. तीच भातखाचरं, तोच चिखल, म्हशीच्या पाठीवर बसलेला माणूस. मला रागच आला. एवढ्या लांब येऊन, तुझ्या पाटल्या मोडून, घोटीच बघायची होती तर एस.टी.ने गेले असते. त्याच्या वाट्याला निदान परका मुलूख यायला हवा होता.

कँटन स्टेशनात मात्र पाय ठेवला आणि जीव गोळा झाला. सगळी माणसं निळी नाहीतर करडी, बाया आणि बापे एकसारखे, एकाही बाईच्या कपाळाला काही नाही. खांद्यावर बांबू, बांबूला टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या. बाहेर रस्ताभर सायकली आणि त्यांच्या घंटा. मी थांबले तिथे माझ्याभोवती कडं झालं. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, नुसते बघत होते, माझ्या साडीकडे, दंडाकडे, कुंकवाकडे. एका म्हातारीने बोट पुढे करून माझं कुंकू पुसून पाहिलं आणि मग स्वतःच्या बोटाचा वास घेतला. मी डबा छातीशी धरला. आणि तेवढ्यात त्या कड्याच्या मागे कुणीतरी पुठ्ठा उंच धरला. त्यावर काळ्या शाईने, आपल्या स्टेशनच्या पाटीवर असतं तसं, लिहिलं होतं, देवळाली.

त्या एवढ्या माणसांत ते वाचता येणारे आम्ही दोघेच होतो. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो विसरलेला नाही, एवढं मला त्या पुठ्ठ्यावरून कळलं. गर्दी बाजूला सारत एक किडकिडीत, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस पुढे आला. जाडजूड नव्हताच.

"ताय, लय उशीर झाला गं गाडीला," तो म्हणाला. "आई कुठंय?"

आपल्या देवळालीच्या बाजारातल्या पोरांची ती भाषा बारा वर्षांच्या वयात गोठून राहिलेली होती. माणूस छत्तीसचा आणि बोलणं तेवढंच.

"आई नाही आली. तिला डॉक्टरांनी बंदी केली आहे," मी म्हणाले.

"नाय आली?" म्हणत त्याने माझ्या खांद्यावरून मागे गाडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी समोर उभी होते, तीन देश ओलांडून आलेली, डबा हातात धरून. तो माझ्या मागे बघत होता.

शेतापर्यंत बसने जायला संध्याकाळ झाली. परक्या माणसाला तिथे जायला लागणारा परवाना त्यानेच काढून ठेवला होता. मलाया, इंडोनेशिया, हिंदुस्थान, कुठून कुठून परत आणलेल्या चिन्यांची ती वस्ती होती. लांबच लांब विटांच्या चाळी, मागे डोंगरावर चहाचे मळे. त्याची बायको मलायातून आलेली, गोड बाई. मुलगी त्याने तुला पाठवलेल्या फोटोत होती त्याहून उंच. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला चुलीपासून उठवलं आणि स्वतः मुगाची आमटी केली. आमसूल नाही म्हणून वाळवलेलं आंबट फळ घातलं होतं, तिखट भलतंच होतं, तरी पहिला घोट घेतला आणि मी भांडं खाली ठेवलं. तुझी आमटी होती ती. मी जन्मभर तुझ्या शेजारी उभं राहून केली, तू सांगशील तसं घातलं, माझ्या आमटीला ती चव कधी आली नाही. "जमली का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, मीठ जरा कमी आहे. कमी नव्हतं.

मग त्याने ती सांगायला नको असलेली गोष्ट सांगितली. सहासष्ट-सत्तरच्या सुमाराला तिथे फार वाईट दिवस आले. बाहेरच्या देशात कुणाचे कोण आहेत याची चौकशी व्हायची, सगळ्यांसमोर उभं करून. आई-वडील त्याला म्हणाले होते, कुणी नाही म्हणून सांग. "मी बोललो, माझी आई हाय तिकडं," तो म्हणाला. "खोटं कसं बोलणार? हाय ना." त्यावरून त्याला शाळेतून काढलं आणि काही वर्षं डुकरांच्या गोठ्यात कामाला घातलं. हे तो असं सांगत होता, जणू कुठे पाय घसरून पडल्याचं सांगतोय. आणि मी काय केलं? मला त्या डुकरांचासुद्धा हेवा वाटला, आई. तुझ्यासाठी मी काय सोसलं? रॉकेलच्या रांगेत उभी राहिले. स्थळं नाकारली, तीसुद्धा तुझ्यासाठी की मला नको होती म्हणून, देव जाणे. तुझं नाव घेतल्याबद्दल मला कुणी कधी शिक्षा केली नाही.

भाऊबीजेला मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत ताट मांडलं. निरांजन मी नेलं होतं, तेल त्यांच्या घरचं शेंगदाण्याचं. चाळीतली माणसं दारात आणि खिडकीत गोळा झाली. त्याने डोक्यावर निळी टोपी घातली, हे त्याच्या लक्षात होतं. स्टूल घेतलं आणि पश्चिमेकडे तोंड करून, खिडकीकडे बघत बसला.

"असं नाही," मी म्हणाले. "ओवाळताना पूर्वेला तोंड करायचं."

"नाय नाय. आईनं पश्चिमेला सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"स्टेशनावर. कानात सांगितलं, दिवाळीमागं चंद्राची कोर दिसली की डोकं झाक आन् तिकडं तोंड करून बस, ताय तुला ओवाळती." तो हसला. "आमच्याकडं बी महिने चंद्राचेच हायेत, चुकत नाय. दर वर्सी बसतो. गोठ्यात व्हतो तवा बी बसायचो. तू ओवाळायचीस ना?"

दारातल्या माणसांना काही कळत नव्हतं. मी म्हणाले, हो, ओवाळायचे. आई, मी गच्चीत ताट हातात घेऊन घाईघाईने तीन वेळा फिरवायचे आणि नाक मुरडून खाली यायचे, आणि तिकडे दुसऱ्या टोकाला एक माणूस टोपी घालून बसलेला असायचा. तू त्याला सांगितलंस, मला नाही सांगितलंस. नुसतं "तो आहे तिकडे" म्हणालीस. असं कोण बोलतं? मला नीट सांगितलं असतंस तर मी नीट ओवाळलं असतं. त्या संध्याकाळी मात्र मी नीट ओवाळलं. त्याला पश्चिमेलाच बसू दिलं.

घरी परत आले तेव्हा तू दारातच उभी होतीस. माझ्या हातातली बॅग घ्यायच्या आधी तू विचारलंस, "जेवतो का नीट? बारीक झालाय का? लाडू मऊ राहिले होते?" रात्रभर तेच. चहाचे मळे, बायको, मुलगी, पुठ्ठ्यावरचं देवळाली तर तू मला तीनदा सांगायला लावलंस. एकदाही तू विचारलं नाहीस की तुला भीती वाटली का, तू एकटी कशी गेलीस, तू काय खाल्लंस. शेवटी माझा स्फोट झाला. मी म्हणाले, "माझं काही विचारशील की नाही?" तू चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तुझं काय विचारायचं? तू आहेसच की." मी रागाने उठून गेले. ते वाक्य मला पुढे कितीतरी दिवस डाचत राहिलं. आज ते उलटंसुलटं करून बघते तेव्हा त्यात काहीतरी बरं दिसतं, पण ते तू मला त्याच वेळी समजावून सांगायला हवं होतंस.

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. त्या सकाळी मी बँकेत निघाले होते, तू पलंगावर पडून होतीस, दुपारी शेजारच्या वहिनींचा बँकेत फोन आला तेव्हा सगळं झालेलं होतं. त्याला तार केली. आठवड्याने त्याने तिकडच्या कुठल्या तरी ऑफिसातून ट्रंक कॉल लावला, खरखर एवढी की निम्मं ऐकू येत नव्हतं. तो रडत नव्हता. त्याने एकच विचारलं, "ताय, शेवटी आई काय बोलली गं?"

मी म्हणाले, "तुझं नाव घेतलं." मग तो रडला. लाइन तुटेपर्यंत मी त्याचं रडणं ऐकलं आणि मला बरं वाटलं, खरोखर बरं वाटलं.

तू त्याचं नाव घेतलं नव्हतंस. मी चपला घालत होते आणि तू आतून हाक मारलीस, माझ्या नावाने, आणि विचारलंस, "गॅस बंद केलास का?" मी वैतागून "हो गं" म्हटलं आणि गेले. तेच तुझं शेवटचं बोलणं. तो अजून पत्र लिहितो, दर वेळी विचारतो की आणखी काही बोलली होती का. मी त्याला आणखी काही काही लिहून पाठवते, त्याला आवडेल असं. गॅसचं मात्र मी त्याला कधी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ते माझं आहे.